दोन ते चार नेट बंद

(हैदराबाद, गौलीगुडा. तळमजल्यावरची बैठक. दुपारचे अडीच. इंटरनेट कंपनीची रेणू खांद्यावरची बॅग उतरवून नुकतीच बसली आहे.)

प्रतापराव : ...म्हणून म्हणतो बाई, तुमचं नेट आम्हाला नको. बंद म्हणजे बंद. तशी दरखास्त दिली आहे, तारीख टाकून, सही करून.

रेणू : हौ अंकल, ती बघूनच तर आले मी. पण असं एकदम नक्को ना. प्रॉब्लेम काय आहे ते तरी सांगा.

प्रतापराव : सांगू? कुसुम, रजिस्टर आण.

कुसुमताई : झालं! बाई, तू पाय वर घेऊन नीट बस. मी चहा टाकते. रजिस्टर निघालं म्हणजे लवकर सुटका नाही.

रेणू : रजिस्टर कसलं, अंकल?

प्रतापराव : नेट बंद पडल्याचं. चौतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होतो मी. कुठली बस किती मिनिटं लेट, वजह काय, सगळं लिहायची आदत आहे. तुमच्या नेटचंही लिहिलंय. एप्रिलपासून, आठ महिन्यांचं.

रेणू : अय्यो! रूळ मारून लिहिलंय!

प्रतापराव : मग? तुमच्या हापिसात चौदा वेळा फोन केला. दर वेळी एकच जवाब, ‘नेटचा डबा सुरू आहे का बघा.’ अरे, डबा सुरू असल्याशिवाय नेट येईल का? मंगळवारी सकाळी नातीचा फोटो बघितला मी, तो काय चुलीवर बघितला?

कुसुमताई : ओरडू नका. गल्लीला आपल्या नातीचं वजनसुद्धा पाठ झालंय तुमच्या ओरडण्यानं.

रेणू : नात कुठं असते, काकू?

कुसुमताई : डब्लिनला. आमच्या विकासची मुलगी. परवा रविवारी बारसं आहे, आपल्या साडेचारला. आपल्याला जाणं काही जमत नाही, तेव्हा व्हिडिओवरच बघायचं. आणि बुधवारी रात्रीपासून नेटचा पत्ता नाही. यांनी तेव्हापासून जेवणात लक्ष घातलेलं नाही.

प्रतापराव : जेवणाचं सोड. बबलूला बोलावलं होतं, कोपऱ्यावरचा मोबाईलवाला. त्यानं तीन कंपन्यांचे कागद दिलेत. एक म्हणते तीनशे एमबी, एक म्हणते पाचशे, तिसरी म्हणते अमर्याद. मी म्हटलं, बबलू, अमर्याद म्हणजे कुठवर? तो म्हणाला, ‘काका, पाच तारखेपर्यंत नक्की.’ आता ह्यातून निवडायचं कसं?

रेणू : कागद राहू द्या अंकल, ते आम्हीपण छापतो. रजिस्टरमध्ये काय आहे, वाचा जरा.

प्रतापराव : ऐक. रोज सकाळी दहा ते बारा, नेट बंद. वजह : कंपनीची बेपर्वाई. रोज दुपारी दोन ते चार, बंद. वजह : तीच. रात्री साडेनऊला बंद, सकाळी साडेपाचला सुरू. वेळ चुकत नाही. आमच्या डेपोतली एक बस इतक्या वेळेवर सुटली असती, तर मी तिला हार घातला असता.

रेणू : रोज? बराबर दोनलाच?

प्रतापराव : दोन म्हणजे दोन. एकदा दोन वाजून तीन मिनिटं झाली होती, तेही लिहिलंय.

रेणू : नै अंकल, लाइन अशी जात नाही. लाइन केव्हापण जाते. हे तर कोणी तरी बटण बंद करतंय.

प्रतापराव : ह्या घरात बटणाला हात कोण लावणार? मी नाही, आणि कुसुम...

कुसुमताई : माझ्याकडं बघू नका. मी त्या डब्यावर क्रोशाचं झाकण घातलंय, तेवढंच. धूळ बसू नये म्हणून.

रेणू : डब्यावर झाकण? मग लाइट कसा दिसतो?

कुसुमताई : लाइट कशाला बघायचा? लाल-हिरवं लुकलुकतं, यांना झोप येत नाही.

रेणू : डबा कुठं आहे, दाखवा. हां... काकू, ह्याला लाइटच नाही. वायर बघू... ह्याची पिनच काढलेली आहे.

प्रतापराव : काय?

रेणू : पिन हातात आली अंकल. बोर्डात ही दुसरीच वायर आहे.

कुसुमताई : अगं बाई! ती कंदिलाची. एप्रिलमध्ये कूलर लावला तेव्हा एकच बोर्ड होता, म्हणून तेवढ्यापुरती डब्याची काढली. मग गणपतीची माळ लावली. मग दिवाळीचा कंदील. मग... राहूनच गेलं की हो.

प्रतापराव : आठ महिने?

कुसुमताई : नेट तर येत होतं ना! बंद पडलं असतं तर लक्षात आलं असतं.

प्रतापराव : थांब, थांब. डबा आठ महिने बंद. मग मी आठ महिने बघत होतो ते नेट कुणाचं?

रेणू : तेच मी विचार करते. अंकल, जरा सरका, पिन लावून बघते. ही माझी बॅग धरा हां काकू, चेन उघडी आहे.

कुसुमताई : अगं, ह्यात हा डबा कुठला? हळदीकुंकू लावलेला?

रेणू : तो मगाशी दीडला जमा करून आणला. लोक काय काय लावतात काकू. एकानं तर डब्याला लिंबू-मिरची बांधली होती.

कुसुमताई : लोक नाही गं, हे मी लावलंय. माझ्या अंगठ्याचा कुंकवाचा ठसा आहे हा. चार वर्षांपूर्वी विकासनं दोन डबे एकाच दिवशी लावले, एक खाली, एक वर. दोन्हींची मी पूजा केली होती. हा वरचा आहे.

प्रतापराव : कुसुम, वरच्या मजल्याचा विषय ह्या घरात निघणार नाही, असं ठरलंय आपलं.

कुसुमताई : तुमचं ठरलंय. माझं नाही.

रेणू : वर राहतात ते हिम्मतराव अंकल तुमचे कोण?

कुसुमताई : यांचे सख्खे धाकटे भाऊ. तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

रेणू : अय्यो. घराच्या वाटणीवरून?

कुसुमताई : घर कसलं, शेत कसलं! मोबाईलच्या प्लानवरून.

प्रतापराव : हसू नका बाई. सुलतान बाजारातून पाच नंबर ओळीनं घेतले होते मी. शेवटचा आकडा फक्त वेगळा, एक ते पाच. मी, कुसुम, विकास, हिम्मत, आणि हिम्मतची मुलगी प्राजक्ता. पाच जणांचा एक फॅमिली प्लान. एके दिवशी दुकानात गेलो तर पोरगा म्हणतो, ‘अंकल, दोन नंबर दुसऱ्या कंपनीत गेले, तुमची फॅमिली तुटली.’ चार लोकांसमोर म्हणाला! घरच्या घरी जिना उतरून एक इत्तला, साधी खबर देता येत नव्हती ह्याला?

कुसुमताई : जावयानं सांगितलं म्हणून बदलला त्यांनी. वर रेंज येत नव्हती हो.

प्रतापराव : रेंज येत नव्हती तर खाली येऊन बोलायचं. मी काय हाकललं असतं?

रेणू : एक मिनिट अंकल. विकासदादांनी दोन्ही डब्यांना नाव आणि पासवर्ड एकच ठेवला होता का?

कुसुमताई : हो. म्हणाला, काका खाली आले, बाबा वर गेले, तरी फोनला कळायला नको, कुणाचं घर कुठलं ते.

रेणू : मग झालं ना! तुमचा डबा बंद. फोननं काय केलं, वरचं पकडलं. तुम्ही आठ महिने हिम्मतराव अंकलचं नेट वापरलं.

प्रतापराव : बिलकुल झूठ. मी? त्याचं?

रेणू : आणि ते बटण पण तेच बंद करायचे.

कुसुमताई : अहो, खरंच की! दहा ते बारा भाऊजी अफझलगंजच्या लायब्ररीत जातात पेपर वाचायला. दोन ते चार झोपतात.

प्रतापराव : ...सगळी बटणं बंद करून.

कुसुमताई : काय म्हणालात?

प्रतापराव : लहानपणापासूनची आदत आहे त्याची. झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करत फिरायचा. आई ओरडायची, अरे, निदान पंखा तरी राहू दे.

कुसुमताई : म्हणजे आठ महिने तुम्ही कंपनीचं नाही, भाऊजींचं रजिस्टर ठेवत होतात.

प्रतापराव : हसायचं काम नाही. हे बघ, हे तर जुळत नाही. सोळा ते अठरा ऑगस्ट, तीन दिवस पूर्ण बंद. तेव्हा काय तीन दिवस झोपला होता?

कुसुमताई : दवाखान्यात होते. मोतीबिंदू काढला, साखर वाढली म्हणून ठेवून घेतलं होतं.

प्रतापराव : कुणी सांगितलं?

कुसुमताई : सांगायला कशाला पाहिजे? मीच जेवणाचा डबा पोचवत होते. तुम्हाला म्हटलं होतं, कीर्तनाला जाते. तीन दिवस सलग कसलं कीर्तन असतं, ते तुम्ही विचारलंसुद्धा नाही.

रेणू : अंकल, हे शेवटी लाल पेननं काय लिहिलंय?

प्रतापराव : ते... शनिवारचं. दर शनिवारी दोन ते चार नेट बंद पडत नाही. वजह : कळत नाही.

रेणू : शनिवारी झोपत नसतील.

कुसुमताई : शनिवारी अडीचला विकासचा फोन येतो. आपल्याला.

रेणू : पण ते वर कसं कळतं?

कुसुमताई : तुम्ही ‘दिसतंय का, ऐकू येतंय का’ म्हणून ओरडता, ते जिन्यातून सरळ वर जातं.

प्रतापराव : पण माझा फोन त्याच्या डब्याला लागलाय, हे त्याला कसं कळणार?

रेणू : मोबाईलवर दिसतं ना अंकल, डब्याला कोण कोण जोडलंय ते. तुमच्या फोनला नाव काय दिलंय?

कुसुमताई : विकासनं ठेवलंय. ‘प्रतापराव टाइमकीपर’.

रेणू : बस, मग रोज दिसत असणार. आता मला समजलं, मगाशी ते असं का बोलले.

प्रतापराव : काय बोलला?

रेणू : त्यांनी स्वतःच फॉर्म भरला होता, कनेक्शन बंद करायचा. बुधवारची तारीख होती, बुधवारी बंद झालं. आज मी डबा काढायला गेले तर ते डबा हातात धरून बसले. म्हणाले, रविवारपर्यंत पुन्हा सुरू करता येतं का? मी म्हटलं, आता होत नाही, कॉम्प्युटर घेत नाही. मग विचारलं, खाली बंद पडलं असेल का? मी म्हटलं, खालचं तर वेगळं आहे ना अंकल. तर त्यांनी डबा पुसून दिला.

प्रतापराव : पण त्यानं बंद कामून केलं? त्याचं तर चांगलं चाललं होतं.

रेणू : ते जाणार आहेत ना. तुम्हाला माहीत नाही?

प्रतापराव : कुठं जाणार आहे?

कुसुमताई : पुण्याला, प्राजक्ताकडं. एक तारखेला. आता कायमचं तिकडंच. पंधरा दिवस झाले, मी सांगायला बघते आहे. नाव काढलं की तुम्ही उठून अंगणात जाता.

प्रतापराव : एक तारीख म्हणजे मंगळवार.

कुसुमताई : हो.

प्रतापराव : जिना उतरून एक इत्तला...

कुसुमताई : तुम्ही उतरू दिलीत का?

रेणू : अंकल, पाणी देऊ?

प्रतापराव : नको. मला काही झालेलं नाही. माणूस आठ महिने वेळ लिहितो, आणि कुणाची वेळ लिहितोय तेच त्याला कळत नाही. मी मूर्ख आहे, कुसुम.

कुसुमताई : चहा घ्या. निवतोय.

रेणू : हे बघा, हिरवा लाइट आला! तुमचं नेट सुरू झालं अंकल. लाइनला काहीच नव्हतं. आता दरखास्तीचं काय करू?

प्रतापराव : फाड. आणि ते बबलूचे कागद पण ने.

रेणू : मग एक सांगू? छोटा डबा येतो एक, भिंतीला लावायचा. तो जिन्यात लावला की तुमचंच नेट वरपर्यंत जातं. हिम्मतराव अंकल मंगळवारपर्यंत आहेत ना, त्यांना पण बारसं बघता येईल. लावू का? आत्ता आहे बॅगेत.

कुसुमताई : लाव गं. किती छान होईल.

प्रतापराव : बिलकुल नको. वर काही लावायचं नाही.

कुसुमताई : अहो, आता तरी...

प्रतापराव : वर नेट दिलं तर तो वरच बसून बघंल. मी ओळखतो त्याला. वर नेट नाही, म्हणजे बारसं बघायला खाली यावं लागंल.

कुसुमताई : आपण होऊन नाही यायचे ते. कुणी तरी बोलवायला पाहिजे.

प्रतापराव : माझी चप्पल कुठं आहे?

कुसुमताई : दारातच आहे. जाता? खरंच जाता? जा, जा. मी पुन्हा चहा टाकते, तिघांचा... नाही, चौघांचा.

प्रतापराव : किती वाजले?

रेणू : तीन वाजून दहा.

प्रतापराव : मग थांब. चार वाजू दे. आत्ता झोपला असंल.