राक्षसाचे दात मोजून दाखवा

...आणि वर मलाच विचारतात, 'सर, तुमी आदी कावून न्हाई सांगितलं?' अहो, आधीच सगळं सांगायचं असतं तर मी त्याला राक्षस कशाला म्हटलं असतं, माहितीपत्रक म्हटलं असतं! क्षमा करा, जरा वाहवत गेलो. तुम्हाला सांगतो, मी मुळात सावध मनुष्य आहे, संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, 'बहुधा' लावल्याशिवाय मी उद्या सोमवार आहे असंसुद्धा म्हणत नाही. आणि अशा माणसाच्या वाट्याला काय यावं? तर राक्षस सांभाळणं!

खेळ असा आहे, की एक जण गोष्ट सांगतो आणि त्यातले राक्षस चालवतो, तो मी. बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी वैदू, आणि काही धाडस करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. संभाजीनगरच्या वसतिगृहात मी हे शिकलो आणि केजला घेऊन आलो. दर रविवारी दुपारी खताच्या दुकानाच्या माडीवर आम्ही बसतो. मी, माझ्यासमोर उभं केलेलं पुठ्ठ्याचं खोकं, म्हणजे माझे फासे कोणाला दिसू नयेत, आणि पलीकडे तिघं. रामेश्वर, वडवणीच्या रस्त्याला जीप चालवतो. बंकटमामा, पन्नाशीचे, गुरं राखतात आणि बाजारात लोकांना जनावर पारखून देतात. आणि धनश्री, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करते, त्यामुळे मी शिंकलो तरी वहीत वेळेसकट नोंद होते. असं टेबल अख्ख्या केजमध्ये एकच आहे. बहुधा.

आता प्रश्न एवढाच, की या मंडळींना राक्षसाबद्दल किती सांगायचं? सांगितलं तर मजा जाते, न सांगितलं तर माणूस जातो!

जातो म्हणजे काय, गेलेच ना! रामेश्वरचा पहिला योद्धा गेला, कारण राक्षस आगीने वाढतो हे मी बोललो नव्हतो आणि याने त्याच्या अंगावर मशाल फेकली. दुसरा गेला, कारण राक्षस झोपेत ऐकतो हे मी बोललो नव्हतो आणि याने त्याच्या कानाशी जाऊन 'पोंऽऽ' केलं. का केलं? 'बगावं म्हनलं, बाजूला होतंय का!' आणि मग रामेश्वर उभाच राहिला हो... 'सर, घाटात बी पाटी असती, पुढं वळण हाय म्हून! तुमच्या अख्ख्या जंगलात एक पाटी न्हाई? आता तिसरा मेला ना, तर आपला रामराम. रविवारी मी बाजाराच्या खेपा मारीन.' तो गेला म्हणजे बंकटमामा गेले, कारण ते त्याच्याच जीपने येतात. म्हणजे उरलो मी आणि धनश्री आणि तिची वही. तो खेळ नव्हे, ती तोंडी परीक्षा!

म्हणून मी आठवडाभर बसून पाच पानांची नियमावली लिहिली, 'राक्षसविषयक माहितीचे टप्प्याटप्प्याने प्रकटीकरण'. कलम एक: जे दिसेल तेवढेच सांगावे, आणि ज्याला दिसेल त्यालाच सांगावे. काय चुकलं यात? सांगा ना, काय चुकलं?

रविवार आला. मी आवाज घोगरा करून म्हणालो, 'गुहेच्या तोंडाशी काहीतरी... उभं आहे.' मला वाटलं, घाबरतील. तर बंकटमामा तंबाखू मळत म्हणतात, 'दात किती?'

'मामा, तो राक्षस आहे.'

'आसू द्या की. दात बगितल्याबिगर जनावराच्या म्होरं जाऊ न्हाई. आदत हाय का जुळलेलं?'

आदत म्हणजे दुधाचे दात असलेलं, जुळलेलं म्हणजे आठही आलेलं, पोक्त. हे मला धनश्रीने वहीतून वाचून दाखवलं. पण माझ्या नियमावलीत दात नव्हते! शिंगं होती, पाठीवरचा कातळ होता, चाळीस जीव होता... जीव म्हणजे चाळीस घाव झेलून एकेचाळिसाव्याला पडणार, असा हिशेब. मी म्हणालो, 'आठ. बहुधा.' मामा म्हणाले, 'आता चालवून दावा.'

'कोणाला?'

'त्याला. चाल बगायची ना!'

तुम्हाला सांगतो, पदव्युत्तर माणूस, दोन्ही हात डोक्यावर शिंगांसारखे धरून खताच्या दुकानाच्या माडीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत चाललो! परत फिरताना युरियाच्या गोणीला करंगळी अशी आपटली की डोळ्यांसमोर काजवे... आणि मामांनी मांडीवर थाप मारली. 'डाव्या पायात लंगडतंय बे, रामेश्वर! ल्ही गं पोरी!' लिहिलंसुद्धा! मी म्हणतोय, 'अहो, तो मी लंगडलो, तो लंगडत नाही,' तर धनश्री काय म्हणते? 'सर, कलम एक. जे दिसेल ते.'

आता सांगितलं तर मजा जाते, न सांगितलं तर...

मग मामांनी खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं धरली. गुरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, रुमालाखाली, बोटांनी, चारचौघांना कळू न देता. 'बोला मास्तर, जीव किती? निस्ता मलाच.' आणि खोटं कशाला सांगू, माझं अंतःकरण भरून आलं! माझी पाच पानं म्हणजे दुसरं काय होतं? ज्याने पाहिलं त्यालाच, बाकीच्यांना नाही! मी आनंदाने त्यांच्या हातात चार बोटं दिली. चार म्हणजे चाळीस.

मामांनी चेहरा पाडला. 'चार? आरारा... मरायला टेकलंय की रं मुकं जनावर! आठ दाती, लंगडं, त्यात चार जीव. याला मारता व्हय?'

बघा आता! रुमालाखाली चार बोटांना चारही म्हणतात, चाळीसही, चारशेही, ज्याने त्याने अंदाजाने समजायचं! शून्य दाखवायला बोटच नाही! आणि मी मोठ्याने 'चाळीस' म्हणावं तर कलम एक गेलं, गप्प बसावं तर... तोवर रामेश्वर गहिवरला होता. 'सर, माझा योद्धा तलवार खाली ठिवतो. बादलीत पानी घिऊन त्याच्या म्होरं जातो.'

'नक्की?' मी म्हणालो. आमच्या खेळात 'नक्की?' म्हणजे केवढी मोठी पाटी, पण वाचेल कोण?

'नक्की म्हंजी? तहानलंय ते!'

चाळीस जीवाचा, धडधाकट, माणूसखाऊ राक्षस, आणि समोर बादली घेतलेला तिसरा योद्धा! राक्षसाच्या वतीने मी खोक्याआड फासा टाकला. तो गडगडला, थांबला... वीस! विसाला सुटका नाही, योद्धा जागीच खलास. तिघं माझ्याकडे बघताहेत, रामेश्वरचा हात हवेत, त्यात नसलेली बादली, आणि ती तो सांडू देत नाहीये हो!

आयुष्यात पहिल्यांदा मी आकडा खोटा सांगितला. 'दोन,' म्हणालो. 'तो... पाणी पितो.'

काय ओरडले! खालून दुकानदाराने काठीने छत ठोकलं. रामेश्वर नाचला, राक्षसाला दावं लागलं, खुंटा ठरला, पुढच्या रविवारी पेंड आणायची ठरली.

निघताना जिन्यात मामांनी मला थांबवलं. 'मास्तर, चाळीस व्हते ना?'

'तुम्हाला कळलं होतं?'

'तीस वर्सं बाजारात बोटं धरतोय. पर त्याला सांगितलं आस्तं तर गेला आस्ता का बादली घिऊन?' मागून धनश्री वही मिटत म्हणाली, 'आणि फासा वीस होता. वीस पडला की तुमचे कान लाल होतात, सर. लिहून ठेवलंय.'

मग मी नियमावलीला सहावं पान जोडलं: 'माहिती किती द्यावी हे ठरवण्यापूर्वी, आपला चेहरा ती किती देऊन बसला आहे, हे आरशात पाहावे.' आरसासुद्धा आणला, माझ्या डाव्या हाताला गोणीवर तिरका टेकवून ठेवला, मान वळवली की चेहरा दिसेल असा. तीन रविवार झाले, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलू देत नाही. आणि परवा रामेश्वर, राक्षसाला पेंड घालता घालता, हळूच म्हणतो, 'सर, आरसा जरा आमच्याकडं वळलाय, खोक्याआडचा तुमचा फासा दिसतो त्यात... न्हाई न्हाई, ऱ्हाऊ द्या. पयल्या रविवारपासनं दिसतोय. आमी तिकडं बगतच न्हाई.'