बैठकीखालचा शिक्का

(हमरापूर. पोपट आणि अनिता यांचा गणपतींचा कारखाना. त्यांची मुलगी प्रणिता रोह्याच्या ऑफिसातून आत्ताच आली आहे.)

प्रणिता : बाबा, माझा शिक्का कुठं आहे?

पोपट : कुठला गो?

प्रणिता : माझ्या नावाचा. इंजिनिअरचं रजिस्ट्रेशन झाल्यावर करून आणला तो. कपाटात होता.

पोपट : असंल तिथंच. नीट बघ.

अनिता : अवो, ती काय बघंल? तुमच्या खिशात हाय तो.

पोपट : तू गप रंग दे.

प्रणिता : म्हणजे ऑफिसात कळलं ते खरं. पण खिशात कशाला?

अनिता : सांगा आता. अगो, गणपतींच्या बैठकीखाली मारत सुटलेत. मूर्ती दिसली की केली आडवी.

पोपट : सगळ्या नाय. पक्क्या वाळलेल्या तेवढ्याच. तूच बोललीस ना, शिक्का म्हंजे काम तपासलंय, पडायचं नाय. मग माझ्या मूर्ती काय पडनार हायत?

प्रणिता : बाबा, तो बिल्डिंगच्या नकाशावर मारतात. आता कुणाच्या घरी सोंड तुटली तर नोटीस मला येईल.

अनिता : मी बोलले, देवाखाली पोरीचं नाव नको. तर बोलतात, याच्यापरीस चांगली जागा कुठं हाय?

पोपट : खोटं हाय का? पन तुला कुनी सांगितलं?

प्रणिता : आमच्या प्रविण साहेबांनी. काल पेणच्या दुकानातून गणपती नेला, तो आपला निघाला. पाटावर ठेवायला उचलला आणि खाली माझं नाव.

पोपट : मग बरंच झालं की.

प्रणिता : काय बरं? ऑफिसात मी रजिस्ट्रेशनचं सांगितलंच नव्हतं.

अनिता : का गो? आमी गावभर पेढे वाटले.

प्रणिता : गावात वाटलेत, रोह्यात नाही. रजिस्ट्रेशनवाल्याला पगार जास्त द्यावा लागतो. आमच्या ऑफिसातल्या आदर्शनं तो मागितला, तर साहेब त्याला म्हणाले, दुसरीकडं बघ. धाटावच्या कंपनीच्या शेडची सगळी गणितं मी करते, पण सहीला मुंबईचे इंजिनिअर येतात. म्हटलं, साहेबांचा मूड बघून बोलू.

पोपट : म्हंजे माझ्यापायी तुझी नोकरी गेली.

प्रणिता : ऐका तरी. साहेबांनी आत बोलावलं, मूर्तीचा फोटो दाखवला. म्हणाले, "हे लपवलंस का?"

अनिता : तू काय बोललीस?

प्रणिता : तोंडातून निघूनच गेलं. "तुम्हाला पगार वाढवावा लागेल म्हणून."

अनिता : अगो बाय माझे.

प्रणिता : साहेब जे हसायला लागले, चष्मा काढून डोळे पुसले. तिथूनच बायकोला फोन, आपला गणपती इंजिनिअरनं पास केलाय म्हणून.

पोपट : हसू दे. नोकरीचं काय?

प्रणिता : म्हणाले, आदर्शला घालवला ती चूकच झाली, बाहेरचा माणूस परवडत नाही. पुढच्या महिन्यापासून सह्या मी करायच्या, आणि पगार रजिस्ट्रेशनवाल्याचा. मी म्हटलं, लेखी द्या.

अनिता : दिलं?

प्रणिता : पर्समध्ये आहे. म्हणून तर शिक्का शोधतेय.

पोपट : घे बाय. थांब, पुसून देतो, रंग लागलाय. तरी मला सांग, नुसत्या सहीला एवढा पगार?

प्रणिता : सहीला नाही, बाबा. उद्या शेड कोसळली तर पोलीस माझ्या दारात येणार. त्या भीतीचा पगार आहे.

अनिता : मग नको गो असली सही. आतापरेंत बरी होतीस, झोप तरी लागत होती.

प्रणिता : कुठली झोप, आई? जोराचा वारा सुटला की मी तेव्हाही उठून बसायचे. फक्त सही दुसऱ्याची असायची.