बेकारी एकाने वाढू दे

जमलेल्या मंडळींनो, तुम्ही मला बोलायला उभं केलंत. मी माइकसमोर कधी बोललो नाही. शाळा सातवीपर्यंतच. समोर बाईंच्या विद्यापीठातली माणसं बसलीत, चुकलं तर सांभाळून घ्या. मी भालेराव. चंदीगडच्या शेजारी, झिरकपूरला मुलाकडे राहतो.

विद्याबाई गेल्या. अर्थशास्त्राच्या एवढ्या मोठ्या प्राध्यापक, आणि माझ्याशी घरच्या लेकीसारख्या बोलायच्या. सोमवारी फोनवर हसल्या आणि गुरुवारी गेल्या. असं कसं होतं हो?

माझं त्यांच्याकडे एकच काम असायचं. दर महिन्याला बेकारीचा आकडा येतो ना, तो आला की मी फोन लावायचो. "बाई, वाढला की घटला?" त्या म्हणायच्या, "काका, आधी चहा घ्या. आकडा पळून जात नाही." पण मला कुठला धीर! माझ्या संदीपची मोहालीतली नोकरी गेली, तेव्हापासून तो आकडा मला डॉक्टरच्या रिपोर्टसारखा वाटायचा.

एकदा आकडा घटला. तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल, मी आपल्या मराठी मंडळाच्या याच हॉलमध्ये पेढे वाटले. बेकारी घटली म्हणजे नोकऱ्या निघाल्या, आता माझ्या पोराची पाळी, असं मी धरून चाललो. बाईंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. मला बाजूला नेलं.

"काका, संदीप सध्या काम शोधतोय?"

"नाही बाई. आधी शोधायचा. आता भिंतीकडे तोंड करून पडून असतो."

"मग तो या बेकारांत नाही."

"नाही म्हणजे? नोकरी नाही त्याला!"

"जो शोधतो आणि ज्याला मिळत नाही, त्यालाच बेकार धरतात, काका. शोधणं सोडलं की माणूस त्या मोजणीबाहेर जातो. आकडा कधी कधी त्यानेही घटतो."

मंडळी, नोकरीवाल्यांत नाही, बेकारांतही नाही. मग माझा पोरगा आहे कुठे? सांगा ना, कुठे आहे?

त्यानंतर बाईंनी मला शिकवलं. बेकारीचा आकडा एकटा बघायचा नाही, म्हणायच्या. त्याच्या शेजारी दुसरा असतो. शंभरातले किती जण काम करताहेत किंवा शोधताहेत, तो. तो आधी बघा. आठवड्यात तासभर काम केलं तरी माणूस कामावर धरतात, तेही विसरू नका. एका महिन्याच्या आकड्यावर नाचू नका आणि रडूही नका. मी म्हणालो, "बाई, रडू काय महिना बघून येतं?" तर हसल्या. "ते मात्र पक्कं, काका."

सोमवारी आकडा वाढल्याचं कळलं. मी घाबरून फोन केला. "वाढला बाई! आता कसं व्हायचं?"

त्या म्हणाल्या, "काका, दुसरा आकडाही वाढलाय. घरी बसलेली काही माणसं उठून पुन्हा काम शोधायला निघाली असतील. वाढ नेहमी वाईटच असते असं नाही. तुमचा संदीप उठला तर बेकारी एकाने वाढेल, आणि त्या दिवशी मी तुमचा पेढा खाईन. रविवारी येते. मी बोलते त्याच्याशी."

तो रविवार म्हणजे आजचा.

आज सकाळी मी संदीपच्या दाराशी गेलो. म्हटलं, "चल बाबा, बाईंना शेवटचा नमस्कार करू." नात बाहेर आली. "आजोबा, पापा कह रहे हैं, आप जाओ."

मी एकटा आलो. समजावून झालं, रागावून झालं, त्याच्यापुढे हात जोडून झाले. बापाचं ऐकण्यापलीकडे गेलाय तो. बाई येणार होत्या, या आशेवर मी सोमवारपासून दिवस मोजत होतो. आता कोण येणार? तुमच्यात शिकलेली माणसं आहेत, मोहालीत काम करणारी पोरं आहेत. मी नोकरी मागत नाही. ती कुणाच्या खिशात नसते, एवढं कळतं मला. पण बाईंच्या जागी कुणीतरी या हो. त्याच्याजवळ बसा. त्याला उठवा.

चला, उभे राहू या. बाईंसाठी थोडा वेळ गप्प राहू.

बाई, सगळं जग मागतं की बेकारी घटू दे. मी तुमच्या फोटोसमोर उलटं मागतोय. पुढच्या महिन्यात ती एकाने वाढू दे. पेढा घेऊन मी इथेच येईन.