उभं राहण्याचा ड्रेस

सन दोन हजार तेवीस, डिसेंबर महिना, ऐन थंडीचे दिवस. मला पक्के आठवते. माझी भाची मृण्मयी नुकतीच स्वतःच्या नावाने स्त्रियांचे कपडे तयार करू लागली होती. तिची पहिली मोठी ऑर्डर कोरेगाव पार्कातल्या एका बुटिकच्या मालकीणबाईंच्या हाती होती. त्या ड्रेस स्वतः घालून पाहण्यासाठी खडकीला आमच्या घरी आल्या. आलेल्या बाईला उभे ठेवणे मला शोभले नसते. त्यांनी ड्रेस घातल्यावर मी सतरंजी अंथरली व म्हटले, "बसा, चहा घ्या."

त्या मांडी घालून बसल्या मात्र, ड्रेस कमरेपासून गुडघ्यापर्यंत उसवला. आपले कपडे परत घालून त्या चहा न घेताच गेल्या.

मृण्मयी रडवेली झाली. "मावशी, तो उभं राहण्याचा ड्रेस होता गं."

"मग तशी चिठ्ठी लावायची होतीस."

"पुतळ्यावर तर अगदी नीट बसला होता."

"पुतळा कधी पंगतीला बसतो का?"

तीन दिवस तिने माझ्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी मुकाट्याने दोन्ही बाजू उसवल्या आणि घेर वाढवण्यासाठी कळ्या घातल्या. मालकीणबाईंना फोन मात्र मलाच करायला लावला. "आता यात नक्की बसता येईल," असे मी कबूल केले.

संक्रांतीच्या दिवशी त्या हळदीकुंकवाला आल्या. सुधारलेला ड्रेस घालून त्यांनी सतरंजीवर मांडी घातली, तिळगूळ खाल्ला, पुढे वाकून पाहिले. एक टाकाही हलला नाही.

"वीस नग द्या," त्या मृण्मयीला म्हणाल्या, "आणि आता मला उठायला हात द्या."

उठण्याचे आम्ही काही कबूल केले नव्हते, तरी हात दिला.