एकविसाव्या पानावरची टिंबं

वाचनालयाच्या खिडकीपाशी रांग होती. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पुढे एक लेक म्हाताऱ्या वडिलांचा हात धरून उभी होती, आणि बाईंचे कान आपसूक तिकडेच लागले.

“काका, बाबांसाठी पुस्तक हवंय,” ती खिडकीतल्या ग्रंथपालांना म्हणाली.

“थांब, त्यांचं टिंब नसलेलं शोधतो. वाचून झालं की एकविसाव्या पानावर पेन्सिलीनं टिंब, फार आवडलं तर दोन. चाळीस वर्षांची खोड आहे त्यांची!”

“दोन टिंबांचंच द्या.”

“अगं, ती सगळी वाचलेली. रहस्यकथा, प्रवासवर्णनं, कविता, काही म्हणून सोडलं नाही त्यांनी.”

“म्हणूनच म्हणते, काका. आता त्यांना काही आठवत नाही. माझं नावसुद्धा रोज सांगावं लागतं.”

“...हे घे. समुद्रप्रवासाचं आहे.”

“बाबा, बघा बरं, चालेल का?”

म्हाताऱ्यानं पुस्तक हातात घेतलं आणि सरळ एकविसावं पान उघडलं.

“कुणाला तरी हे फार आवडलेलं दिसतंय.”

“हो, बाबा.”

“आपल्याच आवडीचा माणूस आहे. एकदा गाठ घालून दे ना त्याच्याशी.”