मागच्या सीटखालचा गाळ

अरे, गाडी बघायला लोक मेकॅनिकला नेतात. मी आईला नेलं, म्हणून वाचलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी सुरतेत बँकेत होतो. घरात सात माणसं, म्हणून सात सीटांची एक जुनी डिझेल गाडी बघायला गेलो. मालक कापडाचे दलाल. इंजिन झकास, रंग नवाकोरा. मी होकार द्यायच्याच बेतात होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. मागे मलाच बसवणार ना तुम्ही? मग बसून बघते."

बसली आणि लगेच तिने नाकाला पदर लावला. "कसला रे हा कुबट वास?"

"मासी, नवं पॉलिश आहे," मालक म्हणाले.

आईने वाकून सीटखालचं मॅटिंग उचललं. खाली बोटभर वाळलेला गाळ!

"भाऊ, गाडी पुरात होती का?"

मालक हळूच म्हणाले, "स्टेअरिंगपर्यंत पाणी होतं, मासी. रहेवा दो. तुम्ही नका घेऊ."

माझ्या जिवात जीव आला. सगळी बचत त्या गाळात गेली असती.

आई मात्र गाडीतून उतरेना. म्हणाली, "खरं बोललात, बरं वाटलं. आता आम्हाला बस स्टॉपपर्यंत सोडा. तेवढी तरी चालेल ना?"