उरलेल्या किडनीची राखण

मी मूळची चिपळूणची. लग्न करून गाझियाबादला आले त्याला तीस वर्षं होत आली, हे केंद्र सरकारच्या नोकरीत, पुढे परीक्षा देऊन मीही क्लार्क लागले, आणि काय सांगू तुम्हाला, इथं अरबीचे, म्हणजे अळकुड्यांचे, गड्डे ढीगभर मिळतात पण भाजीचं अळू काही मिळत नाही, म्हणून माहेराहून रोप आणून बाल्कनीत तेलाच्या डब्यांत लावलं. मग काय, दर आठवड्याला फदफदं, नाहीतर वड्या. सोसायटीतल्या मराठी घरांनाही डबे जायचे.

पाणी मात्र प्यायचे नाही. मेट्रोत तासभर, आणि ऑफिसातल्या बायकांच्या बाथरूमला कडीच नाही, कोण जाणार तिथं? शिवाय घसा जरा धरला की केमिस्टकडून अँटिबायोटिक आणायचं, तीन दिवस घ्यायचं, बरं वाटलं की सोडायचं. डॉक्टर बिक्टर काही नाही.

झाला मूतखडा. दुर्बिणीनं काढला. शेजारच्या भाभी म्हणाल्या, पत्थरी कॅल्शियम से बनती है, दूध-दही बिल्कुल बंद. आणि मी शहाणी, ताकसुद्धा सोडलं, अळू चालूच! दोन वर्षांत परत खडा, तो नळीत अडकला, आणि मी ऑफिसात ऑडिट आहे म्हणून गोळ्या खाऊन कळ काढत बसले. डावी किडनी त्यात गेली, म्हणजे आहे, पण नावाला. रडले हो मी, खूप रडले. माझ्याच हातानं केलं, कुणाला बोल लावणार? आता उजवी एकटीच.

मग हॉस्पिटलातल्या आहारवाल्या मॅडम, माझ्या मुलीच्या वयाच्या, त्यांनी समजावलं. आंटीजी, अळूच्या पानांत ऑक्झलेट असतं, जेवणात दही असलं की त्यातलं कॅल्शियम त्याला पोटातच धरतं आणि बाहेर नेतं, तुम्ही दही सोडलंत, ते सगळं किडनीकडे गेलं आणि तिथं त्याचा खडा झाला. आणि आतड्यात काही जंतू असतात, ते ऑक्झलेट खाऊनच जगतात, ऊठसूट अँटिबायोटिक घेतलं की ते मरतात. म्हटलं, अगं बाई, म्हणजे माझं अळू खाणारे पाहुणे माझ्याच पोटात होते आणि मीच त्यांना औषध घालून मारलं? त्या हसल्या, म्हणाल्या, तुमच्यात होते की नव्हते ते आता कसं सांगणार. मग त्या जंतूंची कॅप्सूल द्या, मी म्हटलं. तर म्हणाल्या, अभी ऐसी कोई पक्की दवा नहीं है आंटीजी, जो आपके हाथ में है वो करो.

चलो, म्हटलं, करते. बाल्कनीतले अळूचे डबे त्याच रविवारी रिकामे केले. दुपारच्या डब्यात दही आलं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी नाही, केमिस्ट आता मला बघून हात जोडतो. ऑफिसातल्या बाथरूमच्या कडीसाठी चार अर्ज दिले, पाचवा घेऊन स्वतः साहेबांसमोर उभी राहिले. कडी बसली, तशी टेबलावर पाण्याची बाटलीही आली. आता साहेब म्हणतात, मॅडम, आप बार-बार उठती हैं. म्हटलं, सर, उठणारच, किडनी एकच आहे.

गेल्या महिन्यात सोनोग्राफी केली. उजवीतही एक बारीक खडा आहे, वर्षभरापूर्वी होता तेवढाच, तसूभर वाढलेला नाही. हे म्हणाले, अगं, पण गेलाही नाही ना. म्हटलं, राहू दे. तो तिथं बसलाय, मी इथं बाटली घेऊन बसलेय, बघू आधी कोण उठतं. तुम्हीही बघा, बोलता बोलता तुमचा ग्लास तसाच राहिला. प्या आधी. देव तुम्हाला दोन्ही शाबूत ठेवो.